सरासरी १२७ वॅट: धावताना बिघडणाऱ्या पोटाचं एक प्रकरण

शनिवारी दुपारी पावणेएकच्या सुमाराला ताई रस्त्याच्या कडेला वाकून उभ्या होत्या, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून. सायकलवरून उतरून त्या धावायला लागल्या त्याला जेमतेम बावीस मिनिटं झाली होती. तीन किलोमीटरही पूर्ण झाले नव्हते तोच उलटी झाली. माझा सहकारी पाण्याची बाटली घेऊन धावला आणि मी त्याला लांबूनच ओरडून थांबवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की तहानलेल्याच्या तोंडचा पेलाच मी काढून घेतलाय.

शिबिर शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार एवढंच होतं. अकरा जण शिकणारे, आम्ही दोघे शिकवणारे. सगळ्यांचं लक्ष्य दहा आठवड्यांवर आलेली फुल डिस्टन्स ट्रायथलॉन: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं, मुदत १७ तास. ताईंचं वय त्रेचाळीस, व्यवसाय हिशेब तपासण्याचा. शिबिरातले सगळे त्यांना ताईच म्हणत, म्हणून इथेही तेच ठेवतो. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहितोय. अट एकच होती: "सर, तुमच्या चुकाही लिहा." त्या लिहिल्याशिवाय प्रकरण पूर्ण होतही नाही.

शिबिराआधीचे आठ महिने

ताईंनी माझ्याकडे येण्याआधी एक आणि आल्यावर एक अशा दोन हाफ पूर्ण केल्या होत्या. हाफ म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. दोन्ही वेळा गाडी एकाच ठिकाणी रुळावरून घसरली. सायकलवरून उतरल्यावर चार-पाच किलोमीटर चांगले जायचे, मग पोट डब्ब व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं, घोटभर काही गिळवायचं नाही. दुसऱ्या शर्यतीत शेवटचे नऊ किलोमीटर त्या चालत आल्या.

एरवी मात्र सगळं सुरळीत. एकट्याने २८ किलोमीटर धावल्या तर पोट शांत. एकट्याने १४० किलोमीटर सायकल चालवली तरी शांत. त्यांच्याकडून मला दर आठवड्याला घड्याळातली आणि पॉवर मीटरची, म्हणजे सायकलवर लावलेला जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या यंत्राची, माहिती यायची आणि एक तक्ताही यायचा. हिशेब तपासणाऱ्या माणसाचा तक्ता तो. झोप किती, पाणी किती, खाल्लं काय, सगळे रकाने भरलेले.

माझं पहिलं निदान होतं पायांचं. धावण्यात कोसळतात, म्हणजे धावण्याची तयारी कमी. आठ आठवडे त्यांचं धावणं वाढवलं. त्या अधिक चांगल्या धावू लागल्या आणि पुढच्या ब्रिकला, म्हणजे सायकलला जोडून धावण्याच्या सरावाला, तितक्याच वाईट कोसळल्या. दुसरं निदान होतं मिठाचं. घाम गेला, सोडियम गेलं, म्हणून मळमळ. या खेळात पटकन न सुटणाऱ्या कुठल्याही कोड्याला मीठ हे उत्तर देण्याची रीत आहे, आणि मीही तिला अपवाद नव्हतो. ताई दर तासाला मिठाची कॅप्सूल घेऊ लागल्या. फरक शून्य.

दोन्ही वेळा मी जिथे दुखणं दिसत होतं तिथेच बोट ठेवलं. आणि दोन्ही वेळा माझ्यापुढे होते ते दिवसाचे तुकडे. मंगळवारचं पोहणं वेगळं, शनिवारची सायकल वेगळी, रविवारचं धावणं वेगळं. पहाटे पाण्यात उतरल्यापासून दुपारी धावणं संपेपर्यंतचा सलग दिवस मी त्यांचा एकदाही पाहिला नव्हता. हाफच्या दिवशीही मी बाहेर उभा होतो आणि तीन तासांतून एकदा त्या मला दहा सेकंद दिसत होत्या.

पाणी का अडवलं

आधी त्या बाटलीचं सांगतो, कारण शिबिरात यावरूनच सर्वात जास्त वाद झाला.

लांबच्या सरावात कुणी उलटी करून बसलं की आजूबाजूचे सगळे एकच म्हणतात, पाणी पाजा. बहुतेक वेळा त्याने नुकसान होत नाही. पण याच लक्षणांमागे अगदी उलट कारणही असू शकतं: गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलेलं असतं आणि रक्तातलं सोडियम पातळ झालेलं असतं. लांब श्रमात मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारं संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे जादा पाणी लघवीवाटे निघून जाईल या भरवशावर राहता येत नाही. लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली सोडियम गेलं की त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शेवटच्या रेषेनंतर तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांमध्ये हे आढळलं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना धोका सर्वात जास्त होता. मळमळ, पोट फुगणं, डोकं दुखणं इथून सुरुवात होते. पुढे गोंधळ, झटके, मेंदूला सूज. अशा माणसाला वर आणखी लिटरभर पाणी पाजणं म्हणजे आगीत तेल.

म्हणून आमच्या शिबिरात वजनकाटा ट्रान्झिशनजवळ, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना बूट-सामान बदलण्याच्या जागेजवळ, ठेवलेला असतो. लोक त्यावर विनोद करतात, करू देत. ताईंचं वजन पाण्यात उतरण्याआधी ६१.४ किलो होतं. सायकलवरून उतरल्यावर ६०.३. म्हणजे १.१ किलोची घट, पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. बोटातली अंगठी सैल होती. मी वार विचारला, बरोबर सांगितला. सायकलला किती वेळ लागला विचारलं तर मिनिटांसकट सांगितला, वर "घड्याळ मी उतरताना चार सेकंद उशिरा दाबलं" हेही. या बाईचं डोकं ठिकाणावर आहे याबद्दल शंका उरली नाही.

वजन घटलंय म्हणजे सोडियम कमी नाहीच असं शंभर टक्के म्हणता येत नाही, पण जास्त पाणी प्यायल्याची शक्यता फारच कमी होते. बोलण्यात जरा जरी गडबड दिसली असती, तर काट्यावर काहीही आकडा असो, आम्ही थेट रुग्णालयात नेलं असतं आणि वाटेत पाणी दिलं नसतं. तिथून पुढचं काम डॉक्टरांचं. तशी वेळ आली नाही. सावलीत बसवलं, चूळ भरायला पाणी दिलं, वीस मिनिटांनी दोन-दोन घोट.

पाणी जास्त नाही, फार कमीही नाही. माझी मिठाची गोष्टही तिथेच संपली. मग आहे काय?

उत्तराचा पहिला धागा ताईंनीच दिला. "सर, गोड आलं सगळं. शेवटच्या बाटलीतलंच असणार, पण ती संपवून तासाच्या वर झाला." तासाभरापूर्वी प्यायलेलं जसंच्या तसं जठरात बसून होतं. धावण्याने पोट बिघडलं नव्हतं. धावायला लागेपर्यंत ते आधीच तुंबलेलं होतं, आणि धावण्याच्या धक्क्यांनी ते उघडकीला आलं.

सकाळ उलगडून पाहिली

संध्याकाळी आम्ही तिघे बसलो. दिवस शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडायचा असं ठरवलं. हे शिबिरातच जमतं, कारण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं असतं.

सायकल: १२० किलोमीटर, साडेचार तास, सरासरी १२७ वॅट. ताईंची एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद, १८५ वॅट. त्याच्या ६५ ते ७० टक्के, म्हणजे १२० ते १३० वॅट, हे त्यांचं लक्ष्य. १२७ म्हणजे ६९ टक्के. तक्त्यात हिरवी खूण करावी असा आकडा. घरी बसून पाहिला असता तर मी "उत्तम" लिहून पुढच्या माणसाकडे वळलो असतो.

पण शिबिरात मी त्यांच्या मागेच होतो आणि पहिली चाळीस मिनिटं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पाण्यातून त्या शेवटून तिसऱ्या आल्या. पुढे गेलेला घोळका गाठायचा म्हणून त्यांनी जी सायकल हाणली, ती घोळका गाठेपर्यंत. ती चाळीस मिनिटं वेगळी काढली तर सरासरी १५८ वॅट निघते, एफटीपीच्या ८५ टक्के. उरलेल्या तीन तास पन्नास मिनिटांची १२२. दोन्ही मिळून १२७. ज्या नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे तिच्यात माणूस बुडतो, तसला प्रकार. हाफच्या दोन्ही शर्यतींच्या फाइली मी त्याच रात्री पुन्हा उघडल्या. दोन्हीकडे तेच. पोहण्यात मागे पडणं, सायकलच्या सुरुवातीला वसुली.

आता यात पोटाचा काय संबंध? जोर वाढला की शरीर रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळवतं, जठर आणि आतड्यांच्या वाट्याला कमी येतं. जठर रिकामं होण्याचा वेग जोरकस श्रमात मंदावतो. आणि नेमक्या त्याच चाळीस मिनिटांत ताईंनी खायला सुरुवात केली होती. सायकलवर बसल्यापासून पाचव्या मिनिटाला पहिली जेल, म्हणजे दाट कर्बोदकांची छोटी पुडी, कारण वहीत तसं लिहिलं होतं. वहीत लिहिलंय ते पोटात गेलंच पाहिजे, हा त्यांचा स्वभाव. एरवी याच स्वभावामुळे त्या माझ्या सर्वात शिस्तीच्या शिष्या आहेत.

त्याच्याही मागे गेलो. पोहणं: तलावात ३ किलोमीटर, १ तास १२ मिनिटं. ताई फक्त उजवीकडे श्वास घेतात. त्या दिवशी वारा आणि लाटा उजवीकडूनच होत्या. दिशा पाहायला दर चार हातांनी डोकं पूर्ण वर, आणि पाण्यात असताना श्वास सोडायचाच राहून जायचा. वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एकाच झटक्यात. अशा पोहण्यात फुप्फुसात जावी तितकी हवा जात नाही आणि पोटात नको तितकी जाते. काठावर आल्या तेव्हा त्या ढेकरा देत होत्या. ट्रान्झिशनमध्ये बूट चढवतानाही देत होत्या. मी ऐकल्या होत्या आणि मनावर घेतल्या नव्हत्या.

"पूलमध्ये असं होत नाही ना?"

"नाही. आणि ढेकर काय सांगायची गोष्ट आहे का, सर?"

सांगायची होती. तक्त्यात ढेकरांचा रकाना नव्हता, ही चूक तक्ता बनवणाऱ्याची, म्हणजे माझी.

बाटलीतला हिशेब

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ताईंचं ठरलेलं प्रमाण होतं ताशी ८५ ग्रॅम कर्बोदकं. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम पावडर आणि वर २५ ग्रॅमची एक जेल. हा आकडा त्यांनी हवेतून आणलेला नव्हता. स्नायू आणि यकृत मिळून अंगात साठलेली शर्करा साधारण अर्धा किलो. चौदा-पंधरा तासांच्या श्रमाला ती पुरत नाही, वाटेत भरावीच लागते. आणि ताशी ९० ग्रॅमपर्यंत शरीर वापरू शकतं, हे बर्मिंगहॅम विद्यापीठात आस्कर यूकेनड्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत दाखवलेलं आहे.

फक्त त्या ९० मागे एक अट आहे, आणि ती गाळूनच हा आकडा सगळीकडे फिरतो. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत नेणारी वाट एक, फ्रुक्टोजची दुसरी. ग्लुकोजच्या वाटेने ताशी साधारण ६० ग्रॅमच पुढे जातात, मग तिथे रांग लागते. फ्रुक्टोज सोबत असेल तर दुसरी वाटही चालू होते आणि बेरीज ९० पर्यंत जाते. ताईंची पावडर निव्वळ माल्टोडेक्स्ट्रिनची होती, म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या. जेलही जवळजवळ तशीच. ताशी ८५ आत, ६० पुढे. कागदावर हिशेब मांडला तर साडेचार तासांत शंभर ग्रॅमच्या वर माल मागे उरतो. शरीर कागदासारखं वागत नाही हे मान्य, पण दुपारी रस्त्याकडेला जे दिसलं ते या हिशेबाशी जुळणारं होतं.

त्यात दाटपणाची भर. ५०० मिलिलिटरमध्ये ६० ग्रॅम म्हणजे १२ टक्के. जेल साध्या पाण्याबरोबर घेतली असती तर गोष्ट वेगळी. ताई ती त्याच बाटलीतल्या घोटाबरोबर गिळत, कारण सायकलवर साध्या पाण्याची दुसरी बाटली त्या वजन वाचवायला ठेवत नसत. एकूण मिश्रण १७ टक्क्यांच्या घरात. नेहमीची क्रीडापेयं ६ ते ८ टक्क्यांची असतात, आणि ती तशी असण्यामागे कारण आहे: पेय जितकं दाट, तितकं ते जठरात रेंगाळतं. काट्यावरच्या ६०.३ चा अर्थही आता थोडा बदलला. पोटात साचलेलं पाणी शरीराच्या कामाचं नसतं, पण काट्यावर चढताना ते आपलं वजन दाखवतंच. खरी घट १.१ किलोपेक्षाही जास्त असणार.

उरला एक प्रश्न. घरी १४० किलोमीटर करताना हे का होत नव्हतं? ताईंनी फोनवर तक्ता उघडून माझ्यापुढे धरला. सरावाच्या दिवशी ताशी ३५ ग्रॅम, क्वचित ४०. "सरावात एवढ्या जेल कशाला संपवायच्या, म्हणून जपून वापरते. शर्यतीला मात्र पूर्ण." रकाना आठ महिने भरलेला होता. मी वॅट आणि हृदयाच्या ठोक्यांच्या रकान्यांपलीकडे कधी गेलोच नव्हतो.

म्हणजे घरच्या सरावात पोटात हवा नाही, सुरुवातीची घोडदौड नाही, आणि भार निम्म्याहून कमी. शर्यतीत आणि शिबिरात तिन्ही एकदम. पाय आठ महिने शिकत होते आणि पोटाला थेट परीक्षेला बसवलं होतं. आतड्यांनाही सराव लागतो. नेमाने जास्त कर्बोदकं घेत राहिलं तर ती पुढे नेण्याची त्यांची क्षमता वाढते.

जाता जाता एक आठवण. वाटेत काय प्यायचं हा घोळ या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन, म्हणजे आजच्या फुल डिस्टन्स ट्रायथलॉनची मूळ शर्यत, झाली. पंधरा जण निघाले, बारा पोचले. धावताना जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

रविवार

रविवारी वेळापत्रकात होतं थकलेल्या पायांनी २० किलोमीटर धावणं. ताईंना ते करायचंच होतं. आदल्या दिवशीचं धावणं अर्धवट सुटलेलं, बाकीचे दहा जण धावणार, आणि वहीत रिकामा चौकोन राहणार. मी नाही म्हटलं. उलटीनंतर अठरा तासांत लांब धावून काहीच नवीन कळणार नव्हतं. त्या थकतील, एवढंच कळलं असतं.

त्याऐवजी दोन तास सायकल, लागून चाळीस मिनिटं धावणं. सायकलवर १२५ वॅटच्या वर जायचं नाही, पहिल्या मिनिटापासून. ताशी ४५ ग्रॅम, ७५० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे ६ टक्के. पहिली पंधरा मिनिटं फक्त साधं पाणी. बरोबर दुसरी बाटली.

पहिल्या अर्ध्या तासात त्यांचा पारा चढला होता. शिबिरातले सगळ्यात नवखे दोघे त्यांच्या पुढून निघून गेले. "माझी एफटीपी त्यांच्यापेक्षा जास्त आहे," असं त्या मला दोनदा म्हणाल्या. मी दोन्ही वेळा "हो ताई" म्हटलं आणि १२५ वरून नजर काढली नाही. चाळीस मिनिटं त्या आरामात धावल्या. मळमळ नाही, ढेकर नाही, शेवटी भूक लागली म्हणाल्या. रिकाम्या जठराची याहून चांगली पावती मला माहीत नाही.

तरीही याला सिद्धता म्हणता येणार नाही. त्या दिवशी आधी पोहणं नव्हतं. अंतर कमी होतं. आणि एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या: जोर, दाटपणा, प्रमाण. शिस्तीने करायचं तर एकेक बदलून पाहायला हवं होतं, पण हातात एक सकाळ होती आणि मला आधी त्यांचा धसका घालवायचा होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा सायकलनंतर त्या पोटाचा विचार न करता धावल्या.

तीन नव्हे, चार गोष्टी बदलल्या होत्या, हे मला दुपारी कळलं. त्याबद्दल शेवटी.

दहा आठवडे

पोहणं सर्वात कटकटीचं ठरलं. डावीकडून श्वास घ्यायचा आणि तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहायचं, एवढंच शिकायचं होतं. पहिले दोन आठवडे ठसका, पाणी नाकात, आणि शंभर मीटरमागे आठ सेकंद उशीर. ताईंना तो उशीर सहन होत नव्हता. चौथ्या आठवड्यात उशीर भरून निघाला. तलावातून बाहेर आल्यावर ढेकरा येतात का, हा आता तक्त्यातला पहिला रकाना.

खाण्याचं प्रमाण पायरीपायरीने चढवलं, तेही आठवड्यातून एकदाच, लांब सायकलच्या दिवशी. तीन आठवडे ताशी ४५ ग्रॅम, पुढचे तीन ६०, मग ७०. पावडर बदलली: ग्लुकोज दोन भाग, फ्रुक्टोज एक भाग. जेल फक्त साध्या पाण्याबरोबर. ८५ चा हट्ट सोडून दिला. साधारण १३० वॅटने सायकल चालवणाऱ्या ६१ किलोच्या व्यक्तीला व्यावसायिक खेळाडूंचा आकडा लागत नाही, आणि पोटात राहून गेलेल्या ८५ पेक्षा रक्तात पोचलेले ७० केव्हाही बरे. पाचव्या आठवड्यात एकदा मळमळ परतली. आदल्या रात्री झोप जेमतेम चार तास झाली होती, हातातल्या कामाची मुदत संपत होती. मी प्रमाण तसंच ठेवलं, पुढच्या आठवड्यात काही झालं नाही.

सायकलच्या पहिल्या तासाला १३० वॅटची मर्यादा. घड्याळावर सरासरीचा आकडा दिसणारी चौकट मी काढायला लावली. दर दहा मिनिटांचा आकडा दिसेल अशी चौकट घातली. दहा आठवड्यांतला सर्वात छोटा बदल हा, आणि माझ्या मते सर्वात मोलाचा.

शर्यत

पोहणं १ तास ३१ मिनिटं. ट्रान्झिशन ९ मिनिटं. सायकल ७ तास १२ मिनिटं, पहिला तास १२८ वॅट आणि शेवटचा ११९. घोळके पुढून गेले, जाऊ दिले. दुसरी ट्रान्झिशन ७ मिनिटं. मग धावणं.

तीस किलोमीटरपर्यंत पोट गप्प होतं. एकतिसाव्याला पाणवठ्यावर एका स्वयंसेवकाने मोठ्या उत्साहाने कोला पुढे केला, ताईंच्या हातात नेमकी तेव्हाच उघडलेली जेल होती, आणि त्यांनी जेल कोलाबरोबर घेतली. बारा तास पाळलेला नियम दहा सेकंदांत मोडला. पुढची दहा मिनिटं मळमळत चालल्या, दोन पाणवठे फक्त पाणी घेतलं, मग परत धावू लागल्या. धावणं ५ तास ५२ मिनिटं, एकूण १४ तास ५१ मिनिटं. रेषेपलीकडे भेटल्यावर पहिलं वाक्य: "सर, एकतिसाव्याला मी मूर्खपणा केला, तक्त्यात लिहिते."

आता ती चौथी गोष्ट. शनिवारी संध्याकाळी आम्ही बाटल्यांचा हिशेब करत होतो तेव्हा माझ्या सहकाऱ्याचं मत वेगळंच होतं. त्याच्या मते ताईंच्या सायकलचे एरोबार, म्हणजे वाकून कोपरं टेकवायचे पुढचे दांडे, फार खाली होते. साडेचार तास कमरेत दुमडून बसलं की पोट दाबलं जातं, वरचं खाली सरकत नाही. मी म्हटलं, असेल, पण मुख्य कारण ते नाही. तो गप्प बसला. रात्री सगळे झोपल्यावर त्याने ताईंना विचारून एरोबारखाली ते उंच करणारे १५ मिलिमीटरचे तुकडे, म्हणजे स्पेसर, घातले आणि मला रविवारी दुपारी, सगळं पार पडल्यावर सांगितलं. ते स्पेसर शर्यतीच्या दिवशीही होते आणि आजही आहेत. मी त्याला बाटल्या, वॅट आणि ढेकरा दाखवतो. तो सायकलकडे बोट दाखवतो. ताईंना विचारलं तर त्या म्हणतात, दोघांचंही पटतं, पण स्पेसर काढून पाहायला त्या तयार नाहीत.